बाजूला ठेवलेले आवाज

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीचा एक बुधवार, सकाळचे साडेनऊ — तेथून सुरुवात करतो. त्याआधीचा मी निराळा होतो, असे मला अजूनही मानावेसे वाटते.

त्या दिवसांची नशा आज कशी समजावू? देशाची दारे उघडली होती. पुण्यात जो तो संगणकाविषयी बोलत होता. आणि मी — महाविद्यालयातली गणिताची कायम नोकरी सोडून, नातेवाइकांच्या मते डोके फिरल्यामुळे — एका संशोधन संस्थेत यंत्राला मराठी ऐकायला शिकवत होतो! माणसाने ‘सात’ म्हणावे आणि पडद्यावर सातचा आकडा उमटावा. तो पहिल्यांदा उमटला तेव्हा मी खुर्चीवरून उठून व्हरांड्यात फेऱ्या मारू लागलो. शिपाई विचारायला आला, काही दुखतेय का.

या विद्येत एक नियम आहे. जमवलेल्या आवाजांपैकी काही बाजूला ठेवायचे. शिकवताना ते यंत्राच्या कानावर पडू द्यायचे नाहीत. परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची. नाहीतर यंत्र खरोखर शिकले की त्याने नुसते पाठ केले, हे कळणार कसे? या नियमाबाबत मी इतरांना कधी सवलत दिली नाही.

शिकवण्याचे आवाज पेठांतले होते — शेजारी, माजी विद्यार्थी, आमच्यासारखे बोलणारे. बाजूला ठेवलेले आवाज वानखेडेबाईंनी आणले होते. त्या यवतमाळच्या, संस्थेत कंत्राटावर. टेपरेकॉर्डर घेऊन त्या भोसरीच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि विदर्भातून आलेल्या मुलांच्या खोल्यांवर हिंडल्या होत्या. “सर, पुण्याच्या बाहेरही बोलतात नं मराठी,” असे म्हणून त्यांनी कॅसेटी माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या. टोमणा मला समजला होता. आवडलाही होता.

त्या बुधवारी दुपारी दिल्लीहून समिती येणार होती. प्रकल्प चालू राहणार की बंद होणार, ते त्या दुपारी ठरणार होते. साडेनऊला मी परीक्षा घेतली. पेठांतल्या आवाजांवर न चुकणारे यंत्र वानखेडेबाईंच्या आवाजांवर साफ कोसळले. हेल बदलला की त्याला काही कळत नव्हते.

मी काय केले? ते बाजूला ठेवलेले आवाज शिकवण्याच्या आवाजांत मिसळले. दार लावून घेतले. यंत्राला पुन्हा शिकायला बसवले.

आणि सांगायला सर्वांत अवघड आहे ते पुढचे. पडद्यावरच्या चुका कमी होऊ लागल्या, तसा मला आनंद होऊ लागला! अंगावर काटा आणणारा, खरा आनंद. ही फसवणूक आहे हे मला ठाऊक होते — माझ्याइतके त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हते — आणि तरीही उतरत्या आकड्यांना मी मनात शाबासकी देत होतो.

दुपारी वानखेडेबाईंच्या त्याच आवाजांवर प्रात्यक्षिक झाले. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारले, हे आवाज यंत्राने आधी ऐकलेले नाहीत ना? मी म्हणालो, “नाही.” टाळ्या पडल्या.

पुढे ते यंत्र एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन चौकशीला जोडले गेले. बाहेरगावच्या माणसांचे त्याला काहीच उमगेना. बैठकीत संचालक म्हणाले, “अहो, हे मराठी शिकलंय की नुसतंच सदाशिव पेठी?” सगळे हसले. मग ते माझ्याकडे वळले. “परीक्षेत तर पास झालं होतं. त्या कॅसेटीच कच्च्या असणार, नाही का?” वानखेडेबाई समोर बसल्या होत्या. मी बोलावे म्हणून माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, “शक्यता आहे.”

त्यांचे कंत्राट वाढवले गेले नाही.

काही आठवड्यांनी मी राजीनामा दिला. का? जुन्या चाचण्या नव्याने तपासायचे ठरले होते म्हणून. लोकांनी मात्र समजूत करून घेतली, की एका सहकारी बाईंवर अन्याय झाला म्हणून मी नोकरीवर लाथ मारली. मी ती समजूत दुरुस्त केली नाही. पुढे तर मी ती वापरू लागलो. शिकवण्या घेतल्या, भाषांतराची प्रणाली करणाऱ्या कंपनीत गेलो, तेथूनही निघालो, उतारवयात सल्लागार म्हणून पुन्हा याच विषयात आलो. प्रत्येक वळणावर लोक म्हणाले — तत्त्वाचा माणूस. माझे काम दुसरा कोणी तपासणार, अशी वेळ आली की मी निघत होतो. एवढेच ते तत्त्व.

गेल्या वर्षी खराडीत तरुण अभियंत्यांपुढे ‘मूल्ये आणि कारकीर्द’ या विषयावर बोललो. राजीनाम्याची गोष्ट रंगवून सांगितली. एका मुलीने विचारले, “सर, त्या मॅडमचं पुढे काय झालं?” ठाऊक नाही, म्हणालो. ठाऊक आहे. त्या कात्रजला शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतात. या क्षेत्रात त्यांना पुन्हा कोणी उभे केले नाही. कच्च्या कामाचा शिक्का त्या जातील तेथे त्यांच्याआधी पोहोचला. आज यंत्रे सगळे हेल ऐकतात — ते पाहून मला अजूनही पहिल्या दिवसासारखे उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात! — आणि त्याची गरज आमच्यापैकी प्रथम कोणाला दिसली होती? त्यांना.

त्या बुधवारचे एक सांगायचे राहिले. समिती गेल्यावर वानखेडेबाई जिना धावत चढून आल्या. “सर, पास झाले नं आमचे लोक!” त्यांना धाप लागली होती. “आता मी बोलून पाहते. माझा आवाज तर ह्याने कधी ऐकलाच नाही.” त्या माइककडे वाकल्या. मी म्हणालो, यंत्र तापले आहे, उद्या पाहू. मग संगणक बंद केला, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण ओढले आणि खोलीला कुलूप लावले.