चोवीस मीटरचा पूल

इथे आखातात, गुदैबिया भागातल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या इमारतीत जायला एक पूल आहे. वर पक्के छप्पर, दोन्ही बाजूंना लाकडी जाळी. दोन्ही इमारती आमच्या घरमालकांच्या. समोर त्यांचे भाऊ राहायचे, म्हणून त्यांनी तो बांधला. भाऊ वारल्यावर पुलाला कुलूप लागले.

गेल्या जुलैत बायपासनंतर बाबा सांगलीहून आमच्याकडे आले. डॉक्टरांनी रोज अडीच किलोमीटर चालायला सांगितले होते. इथे सकाळी सातलाच रस्ता तापलेला असतो. घरातल्या घरात खुर्च्यांना अडखळून बाबा वैतागले आणि आठव्या दिवशी म्हणाले, परतीचे तिकीट काढ. आई गेल्यापासून सांगलीत ते एकटेच. अशा तब्येतीत त्यांना पाठवायला माझे मन होईना.

मी घरमालकांना रीतसर अर्ज केला: चालण्याची वेळ, सोबत पुलाचा नकाशा. मालक हाजी पंचाहत्तरीचे. अर्ज न उघडता ते किल्ली घेऊनच वर आले. तरुणपणी मुंबईत व्यापार केल्यामुळे त्यांना हिंदी येते. अट एकच घातली: तेही सोबत चालणार. त्यांच्याही डॉक्टरने चालायला सांगितले होते, पण त्या पुलावर एकट्याने पाऊल टाकवत नव्हते.

मी टेप लावली. लांबी चोवीस मीटर. जाऊन-येऊन एक फेरी, पन्नास फेऱ्या म्हणजे चोवीसशे मीटर. उरलेले शंभर कॉरिडॉरमध्ये. बाबा उजव्या खिशात पन्नास शेंगदाणे घेत आणि फेरीगणिक एक डाव्या खिशात टाकत. पण घरी येऊन मोजावे तर डाव्या खिशात कधी सव्वीस, कधी अकरा. चौकशीअंती कळले, हाजी ते खातात. मी बाबांना पन्नास खडे आणून दिले. त्यांनी ते बाजूला सारले.

"मग त्यांनी काय खायचं?"

खड्यांची गोष्ट ऐकून हाजी बाबांना म्हणाले, "सेठ, तुम्हारा लड़का नींद में भी गिनता है क्या?"

व्हिजिट व्हिसा संपत आला तेव्हा मीच तिकिटाचे विचारले.

"एवढ्यात नको," बाबा म्हणाले. "परवापासून कुठं ते भावाच्या दारापर्यंत यायला लागलेत. आधी अर्ध्यातूनच वळायचे."

"आणि तुम्ही?"

"मीही वळायचो."

म्हणजे इतके दिवस प्रत्येक फेरी चोवीस मीटरचीच होती. मी व्हिसा वाढवायचा फॉर्म भरायला बसलो.