एका खिळ्यावरचा माणूस

दूध वर यायला लागलं होतं आणि दार वाजलं. तेही पुढचं. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये भांडी घासायला येणारी गयाबाई रोज मागच्या दारानं न सांगता आत यायची, म्हणून पुढच्या दारात तीच उभी दिसल्यावर मी सांडशी हातात घेऊन नुसती बघत राहिले. दूध उतू गेलं ते गेलंच.

साल एकसष्ट. गयाबाईचा नवरा जानराव भंडाऱ्याकडून कारखान्याच्या बांधकामावर आलेला. उंच धुराड्यांवर चढून दोर बांधणारा खलाशी. तीन वर्षांपूर्वी पहिल्या पाळीला गेला तो आलाच नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पळाला. सोबतचे खलाशी खाली बघत राहिले. डबा तेवढा घरी आला, स्वच्छ धुतलेला. जानरावानं जन्मात कधी डबा धुतला नव्हता. तो कोणी धुतला, हे गयाबाईला कधीच कळलं नाही.

मग ती एका रशियन इंजिनियरच्या बंगल्यावर कामाला लागली. मायदेशी परतण्याआधी तिथल्या मेमसाबनं आपल्या आजीचे, भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते टेबलावर मांडले. समोर गयाबाई. तिचा प्रश्न एकच, जानराव येणार का? पत्ता निघाला तो आडव्या लाकडाला एका पायानं बांधलेल्या माणसाचा. मेमसाबचं हिंदी गयाबाई हुबेहूब करून दाखवायची: "लटका, तो सीधा. रुको, फल मिलेगा. खड़ा, तो उल्टा. रुकना खाली." म्हणजे लटकलेला निघाला तर वाट बघण्याचं फळ मिळणार, उभा निघाला तर वाट बघणं फुकट. पत्ता मांडणाऱ्याच्या बाजूनं वाचायचा असतो. मेमसाबनं आपल्या बाजूनं पाहिलं, आणि बोटानं पत्ता हळूच फिरवून "अच्छा, अच्छा" म्हणत तिच्या हातात दिला.

गयाबाईनं तो झोपडीत लावला. पायाच्या गाठीतून एकच खिळा. पण खलाशाच्या बायकोनं खाली डोकं करून लोंबणारा माणूस किती बघायचा? ती रोज सकाळी त्याला पायांवर उभा करून कामाला निघायची. परत जावं तर तो पुन्हा लटकलेला. कारखान्याच्या धडधडीनं मातीची भिंत थरथरते, कागद आपल्या वजनानं फिरतो, असं मी तिला समजावलं होतं. इंटरपर्यंत शिकलेली ना मी.

"ते असन बाई," ती म्हणाली होती, "पण रोज तोच काऊन जिंकते?"

पुढे एकदा तिच्या झोपडीत गेले. तो लटकलेलाच होता. भिंतीवर हात ठेवला. भिंत थरथरत होती. तरीही त्याच्याकडे पाठ करून बसवेना मला.

यंदा तेजरामनं तिला पाटासाठी, म्हणजे दुसऱ्या लग्नासाठी विचारलं. विधुर, रेल्वेच्या कामावरचा शांत माणूस. गयाबाईच्याही मनात होतं. येत्या रविवारी जातीचे पंच बसणार आणि तिला एकच विचारणार, जानरावची वाट अजून बघतेस का? याआधी दोनदा बैठक ठरली होती. दोन्ही वेळा ऐन निघताना तिची नजर त्या लटकलेल्या माणसावर गेली आणि ती घरीच राहिली. फेकून दे तो कागद, असं मी म्हटलं होतं. फेकला तर कोणत्या बाजूनं पडला ते कोण बघणार, असं तिनं मलाच विचारलं.

आज ती उंबऱ्यावरच बसली. पदराची गाठ सोडून तिनं पत्ता आमच्या दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवला.

"तुमच्या बाजूनं कसा दिसते?"

"उभा," मी म्हटलं.

"मेमसाबले बी असाच दिसला होता. तिनं बोट लावलं ते मी पाहिलं होतं, बाई. पाहून बी न पाहिल्यावानी करून राहिली मी इतके दिवस."

घरभर जळक्या दुधाचा वास होता. पत्त्यावर, पायापाशी, रोज फिरून फिरून मोठं झालेलं भोक होतं. तिनं पत्ता उचलला, पुसला, पुन्हा पदरात बांधला.

"एक खिळा असन तर द्या," ती म्हणाली. "एक हाये माझ्यापाशी. दुसरा डोक्यापाशी ठोकतो, म्हणजे रविवारी निघतानी बी तो उभाच राहीन."