शालनताईंचा हसरा फोटो

मालिकेच्या सेटवर सजावटवाल्यांनी तुमचा मोठा, हसरा, समोरून काढलेला फोटो मागितला की समजायचं, तुमचं पात्र मरणार. फोटोला हार, आणि तुम्ही घरी. हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणीच नाही.

त्या सोमवारी सजावटीच्या नवनाथने शालनताईंकडे तसा फोटो मागितला.

मी ताईंची हेअरड्रेसर. तळवड्याच्या भाड्याच्या बंगल्यात चौदा वर्षं मी त्यांना अंबाडा घालून ‘आईसाहेब’ करतेय. ताई मूळच्या कुरुळीच्या. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या, भीमजयंतीच्या स्टेजवर नाटकं करायच्या, तिथून इथे आल्या. आता बाजारात बायका त्यांना अडवून विचारतात, ‘‘सुनेला किती छळाल ओ?’’ ताई अशा खुलतात की विचारू नका. पण वय साठीला टेकलंय. हे काम सुटलं तर दुसरं कोण देणार, याचाच त्यांना धसका.

मग टाळाटाळ सुरू झाली. ‘‘घरी राहिला.’’ ‘‘मुलाच्या मोबाइलमध्ये आहे.’’ नवनाथ दिसला की ताई मेकअप रूमचं दार लावून घ्यायच्या. फोटोच दिला नाही तर मरण कसं येईल, असा हिशेब! मला राग आला.

‘‘अहो, निर्माते आहेत ना नानासाहेब, सरळ त्यांनाच विचारा की.’’

‘‘इचारलं की मेले मी,’’ ताई फिस्कारल्या. घाबरल्या की त्यांची कुरुळीची बोली बाहेर येते.

गुरुवारी नवनाथने पुन्हा दार वाजवलं आणि ताईंचा तोल गेला. अर्धा अंबाडा सुटलेला, तशाच तरातरा निर्माते नानासाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. अख्खं युनिट बघत होतं.

‘‘मारायचंय ना मला? मग तोंडावर सांगा! तुम्ही काय काढताय, मीच चालले सोडून!’’

नानासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘ताई, मालिकेचे चार हजार भाग होतायत. गेटवर बॅनर लावायचाय तुमचा.’’

कुणीतरी हसलं. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. ताई तिथेच थिजल्या होत्या. बोलून बसल्या होत्या, सगळ्यांदेखत. नानासाहेब ‘बरं’ म्हणाले असते तर खेळ खलास.

‘‘मला न्हाई जायचं,’’ ताई हळूच म्हणाल्या. ‘‘मला काम पायजे, नानासाहेब. भ्यायले होते मी.’’

चौदा वर्षांत आईसाहेबांनी कुणापुढे हात जोडले नव्हते. ताईंनी जोडले.

नानासाहेबांनी मान खाली घातली. ‘‘तुम्ही उगाच नाही भ्यायलात. चॅनेलवाले दर आठवड्याला विचारतात, आईसाहेबांना कधी संपवताय म्हणून. मी म्हणतो, थांबा अजून.’’

‘‘आन् या आठवड्यात?’’

‘‘अजून विचारलं नाही त्यांनी.’’

मी ताईंना खुर्चीत बसवलं आणि सुटलेला अंबाडा पुन्हा घालायला घेतला. बाहेर सीनसाठी सून येऊन थांबली होती.