सगळ्यांचा डावा डोळा

‘रद्द’ या बटणाखाली मी ‘ठीक’चाच कोड चिकटवला. कोणतंही दाबा, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खिडकी बंद व्हायची. मला वाटलं, झालं काम. रद्द केलं तर आत काही नोंदवायचं नसतं, हे डोक्यातच आलं नाही. जळगावात मी प्रोग्रॅमिंग हाच विषय शिकवायचो, तोही फी घेऊन.

नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. धुळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर होतं आणि पेशंटची यादी माझ्या प्रोग्रॅमवर व्हायची होती. नाव, वय, गाव टाकलं की छोटी खिडकी विचारायची: कोणता डोळा? ‘डावा’वर खूण मीच आधी करून ठेवलेली. टाइपिंग क्लास चालवणाऱ्या एक अक्का टाइप करत होत्या. डोळ्याची माहिती डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर होती, त्या यायच्या होत्या. म्हणून अक्का दर नावाला ‘रद्द’ दाबून पुढे जात.

"रकाना कोरा राहील ना? चिठ्ठ्या आल्या की हातानं भरते."

"बिनधास्त, अक्का."

दुसऱ्या दिवशी अक्का यायच्या आत मी यादी छापली. रकाना भरलेला दिसला. चिठ्ठ्या आल्या वाटतं, बाईंचा उरक दांडगा, म्हणत मी ती सिस्टरच्या हाती दिली.

तासाभरानं ऐटीत व्हरांड्यात गेलो. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या भुवईवर चिकटपट्टी. किती शिस्तीत लावल्यात, सगळ्या एका बाजूला, असं कौतुक वाटलं.

मग ओळ पुन्हा पाहिली. सगळ्या डाव्या.

ओळीतल्या पहिल्या आबांना विचारलं, "कोणत्या डोळ्यानं दिसत नाही?"

"उजवा."

"मग सांगितलं नाही सिस्टरला?"

"सांगं ना," आबा अहिराणीत म्हणाले. "ती म्हने, कॉम्प्युटरमा डावा शे."

कॉम्प्युटरमध्ये डावा आहे, कारण ‘रद्द’ दाबूनही माझीच खूण नोंदली जात होती; मी डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर हात धूत होते. कसंबसं सांगितलं, नळ तसाच वाहत राहिला. ऑपरेशनला आत कुणाला नेलं नव्हतं, एवढंच नशीब. सगळ्या पट्ट्या काढल्या, डॉक्टरांकडची चिठ्ठी बघून, प्रत्येकाला विचारून पुन्हा लावल्या. आबांची पट्टी मीच सोडवली. दोन-चार पांढरे केसही तिच्याबरोबर निघाले.

आबा भुवई चोळत म्हणाले, "भाऊ, मना एकच डोयामा मोतीबिंदू शे. तुना दोन्हीमा शे."