दुपारचा पहारा

बायको गेल्यानंतर मुकुंदवाडीच्या घरात मी आठ महिने काढले. मग संस्थेच्या कार्यालयात जाऊन लासूर स्टेशनच्या शाळेवर बदली मागितली. तिथल्या क्लार्कला वाटलं, माझी काहीतरी चूक होतेय. तिकडून शहरात यायला लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात. शहरातून तिकडं कुणी जात नाही. मी म्हणालो, "मला चालेल." खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. पहाटे पाचला जाग यायची आणि स्वयंपाकघरातून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं नाही, एवढंच ते होतं. मूलबाळ आम्हाला नव्हतं.

लासूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालक कांद्याचे शेतकरी, माझ्याच वयाचे, गळ्यात तुळशीची माळ. ती माळ दिसली की मी नजर दुसरीकडं वळवायचो. बायकोच्या गळ्यातही तशीच असायची. तिचं माहेर पाचोडचं, सगळं घर माळकरी. मी गणिताचा शिक्षक, देवळाच्या वाटेला न जाणारा. अठ्ठावीस वर्षांत यावरून आमचं भांडण मात्र झालं नाही. दरवर्षी माहेरच्या सप्त्याला ती जायची आणि मी तिला बसस्टँडवर सोडून परत यायचो. "एकदा येऊन तर बघा," ती म्हणायची. "विश्वास नका ठेवू. नुसतं या." मी गेलो एकदाच, शेवटच्या दिवशी, काल्याच्या पंगतीला. जेवलो आणि दुपारच्या गाडीनं परतलो.

लासूरमध्ये पहिलं वर्ष मी कुणाचाच नव्हतो. शाळा, खोली, खिचडी. घरमालकीणबाई कधीमधी पिठलं-भाकरी पाठवायच्या. मी ताट धुऊन परत करायचो आणि दारातूनच मागं फिरायचो.

चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ता बसायचा होता. आदल्या दिवशी घरमालक माझ्या खोलीवर आले आणि खिशातून वहीचा कागद काढून बसले. सप्त्याचे सात दिवस वीणा खाली टेकवायची नसते. कुणीतरी ती गळ्यात अडकवून उभं राहायचं, नाम घ्यायचं. दोन-दोन तासांनी माणूस बदलायचा. त्याला पहारा म्हणतात. हे मला बायकोमुळं माहीत होतं.

"दुपारी दोन ते चार कुणी मिळंना," ते म्हणाले. "समद्यांचा कांदा काढणीला आलाय. तुमची शाळा सकाळची. धरता का?"

"मला यातलं काही येत नाही."

"उभं राह्यता येतं का?"

"येतं."

"मग झालं. तोंडानं रामकृष्णहरी म्हणायचं. चारला मी हायच."

"माझा विश्वास नाही यावर." आधीच सांगितलेलं बरं, असं मला वाटलं.

त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. "ते तुमचं तुम्ही बघा, सर. मला दोन ते चार माणूस पाह्यजे." आणि कागदावर माझं नाव लिहिलं.

पहिल्या दिवशी माझ्या आधीच्या म्हाताऱ्यानं वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पाया पडला. मी इतका अवघडलो की उलट नमस्कार करायचंही सुचलं नाही. तो गेला. देवळात मी आणि झाडलोट करणाऱ्या मावशी, दोघंच उरलो. मावशी खांबाला टेकून वाती वळत होत्या. मी बोटानं तार छेडत, जवळजवळ पुटपुटत, नाम म्हणू लागलो. त्या दिवशी घड्याळ किती वेळा बघितलं, ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र बघितलं नाही.

चौथ्या दिवशी चार वाजले तरी घरमालक आले नाहीत. फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. साडेचार झाले. कंबर धरली, पिंढऱ्यांत गोळे येऊ लागले. मावशींचा डोळा लागला होता. वीणा समोरच्या पाटावर ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? आणि कळून माझ्यासारख्याचं काय जाणार होतं? पण हात काही तयार होईना.

मग मला आठवलं. एकदा पाचोडहून आल्यावर ती म्हणाली होती, "आमच्या गावात बायकांच्या हातात वीणा देत नाहीत. तुम्ही एकदा धरा ना. म्हणजे मी धरल्यासारखंच." मी हसलो होतो. म्हणालो होतो, "माझे पाय दुखतील."

माझं नाम थांबलं, तशा मावशी जाग्या झाल्या. बाहेर जाऊन कुणी दिसतंय का ते बघून आल्या. "समदे शेतात गेलेत," म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मावशी, जरा धरता का? पाय आखडलाय."

त्या मागं सरकल्या. "नाय बाबा. बाया धरीत नाय इथं."

"मग खाली ठेवावी लागेल."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग नळावर जाऊन हातपाय धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि मान पुढं केली. मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली आणि मटकन खाली बसलो. मावशींनी डोळे मिटले. बारीक, पण अजिबात न हलणाऱ्या आवाजात त्या नाम घेऊ लागल्या. बायकोच्या दहाव्यालासुद्धा मी आल्यागेल्याची व्यवस्था बघत फिरलो होतो. तिथं, फरशीवर पाय चोळत बसलेलो असताना, मला रडू आलं.

सव्वापाचला घरमालक धावत आले. पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. गाय विताना अडली होती, असं नंतर कळलं. ते दारातच थबकले. त्यांनी आधी मावशींकडं बघितलं, मग माझ्याकडं. चपला काढून माझ्याशेजारी येऊन बसले. मावशींनी डोळे उघडले आणि घाईघाईनं वीणा काढायला लागल्या.

"राहू द्या, मावशी," ते म्हणाले. "मी हातपाय धुऊन येतो."

हातपाय धुवायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला.

यावर पुढं गावात कुणी काही बोललं नाही. त्या संध्याकाळी घरमालक मला घरी घेऊन गेले आणि मी पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर पाटावर बसून जेवलो. आता रोज संध्याकाळी सहाला मी देवळात भजनाला जातो. टाळ अजून चुकतो. देव आहे का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण एखाद्या दिवशी गेलो नाही तर कुणीतरी खोलीवर येऊन विचारतं, "सर, बरं हाय ना?"

सप्ता संपल्यावर मी पाचोडला मेहुण्याला फोन केला. बायको गेल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. मीच टाळत होतो. "तुमच्याकडच्या सप्त्याला येऊ का?" मी विचारलं.

 तो म्हणाला, "हे इचारायचं असतं व्हय, दाजी?"

या वर्षी मी रजा टाकून सातही दिवस तिथं राहिलो. पहिल्याच कीर्तनाला मेहुण्याच्या बायकोनं मला दाखवलं, "ताई त्या कडेच्या खांबापाशी बसायच्या." पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. त्या जागी कुणी माहेरवाशीण मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. कीर्तन सुरू झालं. मी ऐकायचा प्रयत्न करत होतो, पण नजर सारखी तिकडं जायची. इतकी वर्षं ती तिथं बसली. मी एकदा जरी या बाजूला येऊन बसलो असतो, तर मान वळवून तिला मला बघता आलं असतं.