आईंचं खोटं आजारपण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. महेंद्रला तर नाहीच — आणि खरं तर त्यालाच सांगायला हवं होतं.

महेंद्र माझा नवरा. मूळचा मोऱ्याच्या कोळीवाड्यातला. आता आम्ही कामोठ्याला राहतो. तो मालवाहू जहाजावर, इंजिनरूममध्ये काम करतो. सव्वीस जानेवारीला सोसायटीत फौजेतल्या लोकांना शाल-श्रीफळ देतात — द्यायलाच हवं. महेंद्र मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. हाच माणूस डोक्यावर ड्रोन फिरत असताना तांबड्या समुद्रातून गहू घेऊन गेला, हे तिथे कुणाला ठाऊक आहे?

त्या फेरीआधी त्याचा फोन आला. नौदलाच्या पहाऱ्यात जहाजांचा ताफा निघणार होता. ज्याला जायचं नसेल त्याने इथेच उतरावं, असं कप्तानाने सगळ्यांना सांगितलं होतं. मी म्हटलं, उतर. तो हसला. मग मी — कसं सांगू? — म्हटलं, "आईंना अटॅक आलाय. आयसीयूत आहेत."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होत्या.

तो म्हणाला, "मी उतरलो तं इंजिनात मानूस कमी पडंल. बाकीचे पन कोनाची तरी पोरं हायेत. तू हाय ना तिच्याजवल?"

आणि गेला.

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं ना? एक मेसेज पुरला असता. मी केला नाही — वाटलं, वाटेतल्या एखाद्या बंदरात अजून उतरेल.

ड्रोन जहाजाच्या मागच्या अंगाला आदळलं. इंजिनरूम पेटली. महेंद्रने बेशुद्ध पडलेल्या फिलिपिनो सोबत्याला धुरातून ओढत वर आणलं आणि आग विझवायला परत खाली गेला. जहाज बंदराला लागलं, गहू उतरला. हे त्याने नाही, त्याच्याबरोबरच्या एकाने मला फोनवर सांगितलं. इतका अभिमान मला आयुष्यात कशाचा वाटला नाही.

तो घरी यायच्या आधीच मी त्याला बजावलं — आई आता बऱ्या आहेत, पण त्यांच्यासमोर आजाराचा विषय काढू नकोस, घाबरतात. त्याने तेही खरं मानलं. आजही त्यांना साधी पिशवी उचलू देत नाही. त्या शेजारणींना कौतुकाने सांगतात, "माजा पोर मना लय जपतो."

आई मरते आहे असं मनात धरून तो त्या आगीत दुसऱ्यांदा उतरला. ते मी त्याच्या मनात घातलं होतं.