तिघं परतले, पिशव्या चार

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात तर मोजायचे सोडून दिले. पण निवृत्तीनंतर कोणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणालं, की मला हीच आठवते. हिच्यात कोणाला शिक्षा झाली नाही. कोर्टात एक तारीखसुद्धा पडली नाही.

मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. पावसाळ्यातला रविवार म्हणजे आमच्याकडे बंदोबस्ताचा दिवस. शहरातली पोरं लोणावळ्यात उतरतात, भाड्यानं मोटारसायकली घेतात आणि मोबाईलवर पाहिलेले धबधबे शोधत डोंगरात शिरतात. भाड्याची गाडी लांबूनच ओळखू येते, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. गाडी आपली नाही, रस्ता माहितीचा नाही आणि मागे बसलेला मित्र ओरडून चढवतोय. अशांना अडवून परत पाठवणं हे आमचं निम्मं काम. उरलेलं निम्मं, त्यांना दरीतून वर काढणं.

त्या रविवारी मी लोहगडवाडीच्या बाजूला, खालच्या फाट्यावर नाकाबंदीला उभा होतो. दुपार कलली होती. वरच्या एका वाडीच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, आमच्याकडची भजीवाली मावशी काय म्हनती ते ऐका जरा," म्हणून त्यानं फोन तिच्याकडेच दिला.

इथं एक रीत सांगितली पाहिजे. धबधब्याला जाणारे लोक सुक्या कपड्यांच्या पिशव्या वाटेवरच्या टपरीत ठेवतात. भिजून आले की चहा-भजी खातात आणि आपापली पिशवी उचलतात.

"सायेब, सकाळच्याला चौघं आलते," मावशी म्हणाली. "तीन पोरं आन येक पोरगी. चार पिशव्या ठिवल्या. आत्ता तिघंच आले, चारी पिशव्या उचलल्या आन निघाले. म्या इचारलं, पोरगी कुटं हाय? तर म्हनत्यात, गेली पुढं. आवो, पुढं जायाची वाट माज्या चुलीम्होरनं जाती! ती काय उडून गेली व्हय?"

"चहा-भजी काही घेतलं त्यांनी?"

"न्हाई ना! पार भिजल्याली मानसं, आन च्या बी नको म्हनली. तितंच माजं काळीज लककन् हाललं."

माझंही हललं. गाड्यांची खूण विचारली. दोन्ही भाड्याच्या होत्या आणि वाट एकच, आमच्या फाट्यावरून जाणारी.

थोड्याच वेळात त्या आल्या. एका गाडीवर दोघं, दुसरीवर एकटाच, पुढ्यात पिशव्यांचा ढीग. त्याच्या आरशाला एक रिकामं हेल्मेट अडकवलेलं होतं. मी हात केला. तिघंही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, घरची बरी.

"किती जण आलात?"

"तिघंच सर."

"चौथी पिशवी कोणाची?"

"आमचीच सर. कपडे जास्त होते."

महिला कॉन्स्टेबलनं पिशवी उघडली. आत मुलीचा सुका ड्रेस, पर्स आणि बंद केलेला मोबाईल. मग गोष्ट बदलली. एक मैत्रीण होती, तिला बरं वाटेना, ती रिक्षानं स्टेशनला गेली. मी तिघांना वेगवेगळं उभं केलं, एकाला जीपमध्ये, एकाला झाडाखाली, एकाला माझ्याजवळ. तिघांनी तेच वाक्य म्हटलं, त्याच शब्दांत. खरं सांगणारी तीन माणसं कधी सारखं सांगत नाहीत. कोणी रिक्षाचा रंग सांगतं, कोणी मुलीची तक्रार. एकच वाक्य तिघांच्या तोंडी आलं, की ते वाटेत पाठ केलेलं असतं.

"पर्स इथं टाकून, मोबाईल बंद करून ती स्टेशनला गेली? रिक्षावाल्याला काय भजी दिली तिनं?" माझ्या हवालदारानं विचारलं. माझ्याजवळ उभा केलेला उंच मुलगा उलट म्हणाला, "आमच्या वडिलांशी बोला तुम्ही. वकील आहेत ते."

त्याच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. डोंगरात ढग उतरले होते, आणि उजेड गेला की त्या दरीत वाडीतला माणूससुद्धा उतरत नाही. मी जीपमधल्या मुलाकडे गेलो. त्याचे दात वाजत होते. त्याला माझा कोरडा रेनकोट दिला आणि शेजारी बसलो. अशा वेळी 'काय केलंत?' असं विचारू नये. त्याचं उत्तर देताना माणूस आधी स्वतःला वाचवतो.

"काय झालं ते मी विचारत नाही," मी म्हणालो. "तुम्ही निघालात तेव्हा ती जिवंत होती का, एवढंच सांग."

त्यानं रेनकोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. मग म्हणाला, "आवाज येत होता सर."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं थंड वाक्य मी ऐकलं नाही. ती हाका मारत होती आणि हे तिघं पिशव्या गोळा करून निघाले होते.

मग त्यानं सगळं सांगितलं. फोटोसाठी ती धबधब्याच्या कडेला गेली, शेवाळावरून सटकली आणि खालच्या कपारीत अडकली. यांना उतरता येईना. "मग वाडीत का नाही सांगितलं?" मी विचारलं. "तिच्या घरी माहीत नाही सर, ती आमच्याबरोबर आली ते. जादा प्रॅक्टिकल आहे सांगून आलीय. काही झालं तरी घरी कळू द्यायचं नाही, कळलं तर कॉलेज बंद करतील, असं तिनंच सांगितलं होतं. लोणावळ्यात गाड्या परत करून आम्ही निनावी फोन करणार होतो."

"भित्र्यांनो, स्वतःची कातडी वाचवलीत आणि नाव तिचं पुढं करता?" मी म्हणालो. तो रडायला लागला. त्याला पुढे बसवून जीप वर काढली. पोलीस पाटलानं तोवर वाडीतली माणसं दोर घेऊन उभी केली होती. ती दरी त्यांच्या पायाखालची. दोघं दोरानं उतरले, आणि खालून आरोळी आली, "हाय! जित्ती हाय!"

बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि तिला वर आणलं. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ निळे. महिला कॉन्स्टेबलनं तिला अंगाशी धरलं. शुद्धीत होती. तिचा पहिला प्रश्न होता, "घरी कळवलंत का?"

डोली उचलणारा एक म्हातारा वैतागून म्हणाला, "आगं बये, आधी जीव तर धर! घर काय पळून चाललंय व्हय?"

मी म्हणालो, "कळवावं तर लागेल, बाळ."

"मग माझं कॉलेज संपलं सर."

मी तिला सांगितलं, तुझ्या वडिलांशी मी स्वतः बोलतो. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसल्याचं दिसलं नाही. बापाला माझ्यापेक्षा ती जास्त ओळखत होती.

वडगावच्या बाजूचं शेतकरी घर, माळकरी माणूस. फोनवर मी म्हणालो, तुमच्या मुलीला अपघात झालाय. पलीकडून पहिलं वाक्य आलं, "संगं कोन व्हतं?" कशी आहे, हे त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात जबाब घ्यायला गेलो. बाप दारातच हात जोडून उभा होता. "सायेब, तुमच्यामुळं पोरगी जित्ती हाय, लय उपकार झाले. पन ह्ये कागदावर नगं."

मी सांगितलं की तिची काही चूक नाही, चूक त्या तिघांची आहे. सोडून पळाले, पोलिसांना खोटी माहिती दिली, त्यांना मी सोडणार नाही. मग कॉलेजचा विषय काढला. "आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. आमच्या वडिलांना सही येत नव्हती, पण त्यांनी मला थांबवलं नाही. म्हणून आज ही वर्दी आहे. तुमची मुलगी एका वर्षात इंजिनिअर होईल. तिला थांबवू नका."

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमी गडी मानूस, सायेब."

मी आत गेलो. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई उशाशी, मामा पायाशी. तिनं एका दमात जबाब दिला. मी माझ्या मर्जीनं गेले होते, माझ्या चुकीनं पडले, ते तिघं मदत आणायलाच गेले होते, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी घरच्यांना बाहेर काढलं, महिला कॉन्स्टेबलला जवळ बसवलं आणि पुन्हा विचारलं. तिनं शब्दही न बदलता तेच सांगितलं. आदल्या दिवशी फाट्यावर ऐकलं होतं, तसंच पाठ केलेलं. फरक एवढाच, की ते मला फोडता येईना.

पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आणि जिचा जीव जात होता तिचीच तक्रार नाही. वरिष्ठांनी कागद पाहून सांगितलं, बंद करा. उंच मुलाचे वडील ठाण्यात येऊन माझ्याशी हात मिळवून गेले. तिघांनी त्याच वर्षी परीक्षा दिली. ती बसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाप ठाण्यात आला, पेढे आणि लग्नाची पत्रिका घेऊन. "तुमच्यामुळं नाव ऱ्हायलं सायेब, तुमी यायालाच पायजे." आमच्याकडे पत्रिकेत नावापुढं शिक्षण छापतात. नवऱ्या मुलापुढं होतं. तिच्या नावापुढं काही नव्हतं.

मी लग्नाला गेलो नाही. माझ्या मनाला जे लागलं ते वेगळंच. त्या पोरांना मी भित्रे म्हणालो होतो, आणि ते होतेच. पण तिच्या घराबद्दल ते जे बोलले, ते तिच्या बापानं अक्षरन् अक्षर खरं करून दाखवलं. घाबरलेल्या पोरांचं खोटं मी दुपारच्या दुपारी फोडलं. जे खोटं अख्ख्या घराला हवं असतं, ते फोडायला कुठलंही कलम पुरत नाही. डोंगरातून आम्ही तिला जिवंत आणलं आणि त्याच घरी नेऊन पोचवलं. कागदोपत्री ती माझी यशस्वी कामगिरी आहे.